विश्लेषण : दहा दिवसांचे बाळ, चौदा वर्षांची आई... डॉ. आनंदीबाई जोशी प्रसूतिशास्त्राकडे का वळल्या?

बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात दर वर्षी शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत ‘नीट’ची जाडजूड गाइड घ्यायला आलेल्या मुली मोठ्या संख्येने दिसतात. मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले याचे आता कोणाला नवल वाटत नाही. या चौकापासून चालत काही मिनिटांवर, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली ती याच वाड्यात. त्यानंतर १७ वर्षांनी पुण्यात जन्मलेली एक मुलगी वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाली. तिचे नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

शाळेच्या पुस्तकात आपण ही गोष्ट ‘पहिल्या महिला डॉक्टर’ची गोष्ट म्हणून वाचलेली असते. त्यात हट्टी नवरा असतो, बोटीचा प्रवास असतो, पदवी असते आणि अकाली मृत्यू असतो. पण या गोष्टीच्या मुळाशी एक बाळंतपण आहे आणि त्यानंतरचे दहा दिवस आहेत. त्या दहा दिवसांत काय घडले, त्याचे आनंदीबाईंनी पुढे काय केले आणि आजच्या बाळंतिणीच्या घरच्यांनी त्यातून काय घ्यावे, हे समजून घेऊ.

आनंदीबाई कोण होत्या?

त्यांचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, पुणे. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. एकेकाळी घरात जमीनजुमला होता, पुढे परिस्थिती उतरली. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठा. लग्नानंतर तिचे नाव आनंदी झाले.

बायको शिकलीच पाहिजे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्या काळात बायको पुस्तक हातात घेते म्हणून नवरे मारत. गोपाळरावांच्या घरी उलटे होते, तिथे अभ्यासात कुचराई झाली की मार बसे. लहान वयात सोसलेल्या या मारहाणीबद्दल आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत स्पष्टपणे विचारले आहे. त्यामुळे या संसाराकडे फक्त पुरोगामी नवरा आणि त्याची भाग्यवान बायको अशा नजरेने पाहिले, तर अर्धेच चित्र दिसते. गोपाळरावांनी तिला शिकवले हे खरे आहे. नकार देण्याची मुभा त्या मुलीला कुठेच नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

चौदाव्या वर्षी काय घडले?

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. आज ज्या वयात मुली आठवी-नववीत असतात, ते हे वय. तेव्हा यात बेकायदा काहीच नव्हते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे होते आणि ते बारा होण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले.

बाळ दहा दिवस जगले. आपल्याकडे दहा दिवस सोयर पाळायचे आणि बाराव्या दिवशी बारसे करायचे, अशी रीत. या बाळाच्या वाट्याला बारशाचा दिवस आलाच नाही. त्याला योग्य वैद्यकीय मदत मिळू शकली नाही. ती मिळाली असती तर मूल वाचले असते, ही भावना आनंदीबाईंच्या मनात घर करून राहिली. त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले त्यामागे हे दुःख होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

बाळाच्या मृत्यूला ‘देवाची इच्छा’ म्हणायचे आणि पुढच्या दिवसाची वाट पाहायची, ही त्या काळची सर्वमान्य पद्धत होती. घराघरात अशी मुले जात. त्यामुळे आनंदीबाईंच्या दुःखात वेगळे काही नव्हते. त्यांनी त्या दुःखाला विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. बाळाला तपासू शकेल आणि बाईने जिला मोकळेपणाने सांगावे, अशी डॉक्टर घराजवळ का नव्हती?

डॉक्टर का मिळत नसत?

रुग्णालये अजिबात नव्हती असे नाही. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले होते. पण डॉक्टर पुरुष होते. परपुरुषाला अंग दाखवणे तर दूरच, दुखणे सांगणेही घरंदाज बाईला अवघड होते. घरचेही त्याला तयार होत नसत. त्यामुळे बाळंतपण म्हणजे घरातली एक कोंदट, अंधारी खोली, शेक-शेगडी, धुरी आणि सुईण. अनेक सुइणी हाताने कुशल होत्या, शेकडो बाळंतपणे त्यांनी पार पाडली होती. पण जंतू म्हणजे काय हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या वेळी युरोपातल्या अनेक डॉक्टरांनाही ते पटलेले नव्हते. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली की नवजात बाळाला धनुर्वात होई. न धुतलेल्या हातांनी तपासले की बाळंतिणीला ताप भरे. सोयरामुळे बाळंतिणीची खोली वेगळी, म्हणून काही बिनसले तरी ते लवकर कोणाच्या नजरेस येत नसे.

याच पुण्यात फुले दाम्पत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, हवे तर मूल तिथे ठेवून जावे, अशी सोय होती. सावित्रीबाई स्वतः या बायकांची काळजी घेत. तिथे जन्मलेल्या एका मुलाला फुले दाम्पत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. म्हणजे बाळंतिणीला सुरक्षित जागा आणि लक्ष देणारी बाई हवी, हा विचार आनंदीबाईंच्या जन्माआधीच या शहरात रुजला होता. उणीव होती ती वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या बाईची.

अमेरिकेपर्यंतचा मार्ग कसा निघाला?

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत होईल का, असे त्यात विचारले होते. धर्म बदलला तर मदत करू, असा वाइल्डर यांच्या उत्तराचा सूर होता. जोशी दाम्पत्याला ते मान्य नव्हते. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि आपली पाळी येईपर्यंत हाताला लागलेले मासिक चाळत होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींत पत्रांचे येणे-जाणे सुरू झाले आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

दरम्यान गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. मुंबई, भुज, कोलकाता आणि मग बंगालमधले श्रीरामपूर. आनंदीबाईंची तब्येत या काळात वारंवार बिघडत होती. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा. रस्त्याने नवऱ्याबरोबर चालणाऱ्या, शिकणाऱ्या बाईची टिंगल होई ती वेगळीच.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेला का जाणार आहोत, इथे का शिकत नाही, एकट्या का जाणार, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. भारतातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांची निकड आहे, हा त्या भाषणाचा गाभा होता. वय होते १७, अठरावे पूर्ण व्हायला महिना बाकी.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जून रोजी न्यू यॉर्कच्या बंदरात कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घ्यायला हजर होत्या.

त्या तिथे नेमके काय शिकल्या?

फिलाडेल्फियातले ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ १८५० मध्ये स्थापन झालेले, फक्त स्त्रियांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय होते. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. थंडी कडाक्याची, जेवण शाकाहारी आणि अपुरे, राहण्याच्या जागेत ऊब नाही. खोकला आणि ताप पाठ सोडत नव्हते. तरी शिक्षण सुटले नाही.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. संस्कृत वैद्यकग्रंथांतली माहिती आणि अमेरिकेत शिकलेले शास्त्र या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. डोळे, हाडे, हृदय असा कोणताही विषय घेता आला असता. ज्या ठिकाणी त्यांचे स्वतःचे मूल गेले होते, त्याच विषयाशी त्या पुन्हा येऊन थांबल्या.

या विषयात तेव्हा मोठी उलथापालथ सुरू होती. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी एक विसंगती टिपली होती. सुइणींच्या कक्षात बाळंतज्वराने कमी बायका मरत, डॉक्टरांच्या कक्षात जास्त. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच प्रसूतीच्या कक्षात जात, हे त्यामागचे कारण त्यांनी शोधले. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केल्यावर त्या कक्षातल्या मृत्यूंचे प्रमाण एप्रिल १८४७ मधल्या १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. तरी त्यांच्या सहकाऱ्यांना ते पटायला पुढची कित्येक वर्षे लागली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली आणि १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराला कारण ठरणारे जंतू दाखवले. आनंदीबाई शिकायला गेल्या त्याच्या चारच वर्षे आधीची ही गोष्ट.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभासाठी त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

शिकलेले वापरायला वेळ मिळाला का?

मिळाला नाही. कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक केली होती. आज आपण त्याला छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे ‘सीपीआर’ रुग्णालय म्हणून ओळखतो. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरलेले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. मात्र त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० चे दशक उजाडणार होते. आजार कळत होता, इलाज नव्हता.

पुण्यात वैद्यांचे उपचार सुरू होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. वय २१. कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांचे स्मारक आहे. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले.

मग हाती काय उरले? मोजदाद करायची तर एकही रुग्ण नाही. पण त्याच १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले आणि १८९४ मध्ये रखमाबाई इंग्लंडहून डॉक्टर होऊन परतल्या. पुढे त्यांनी सुरतेत अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. बाईला बाई डॉक्टर मिळू शकते, ही कल्पना तोवर अशक्य राहिलेली नव्हती.

आज हे का माहीत हवे?

आनंदीबाईंच्या बाळंतपणात दोन धोके एकत्र आले होते, आईचे कोवळे वय आणि प्रसूतीनंतरच्या दिवसांत डॉक्टर नसणे. दोन्ही धोके आजही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, २० ते २४ वर्षांच्या मातांपेक्षा १० ते १९ वर्षांच्या मातांना झटके येणे, गर्भाशयाला जंतुसंसर्ग होणे आणि तो शरीरभर पसरणे यांचा धोका जास्त असतो. त्यांची बाळे कमी वजनाची किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याची शक्यताही जास्त असते.

दुसरी गोष्ट काळाची. बाळ जन्मले, पेढे वाटले की घरच्यांना वाटते सगळे पार पडले. प्रत्यक्षात आई आणि बाळ दोघांसाठीही पहिले २४ तास सर्वाधिक जोखमीचे आणि त्यानंतरचा पहिला आठवडा काळजीचा असतो. जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ यांसारख्या गोष्टी त्यानंतरही, अगदी सहा आठवड्यांपर्यंत डोके वर काढू शकतात.

आकडे सुधारले आहेत. २०१८-२० च्या पाहणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता, महाराष्ट्रात ३३. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या, ने-आण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन आई-बाळाला पाहायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. आनंदीबाईंचे बाळ ज्या दहा दिवसांत गेले, त्यात आजच्या वेळापत्रकानुसार किमान दोन भेटी बसतात.

कोणत्या लक्षणांवर थांबू नये?

आईमध्ये :
– तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव किंवा मोठ्या गाठी
– ताप, थंडी वाजणे, पोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव
– तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
– धाप लागणे, छातीत दुखणे, एकाच पायाला सूज आणि दुखणे
– सतत रडू येणे, झोप उडणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

बाळामध्ये :
– दूध न ओढणे, खूप सुस्त होणे
– अंग तापणे किंवा गार पडणे
– मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे
– झटके, नाळेच्या जागी पू किंवा आजूबाजूला लाली
– तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा

यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ‘बाळंतिणीला थोडा ताप येतोच’, ‘दूध उतरतंय म्हणून अंग गरम आहे’, ‘सव्वा महिना बाहेर पडायचं नसतं’ ही वाक्ये घरातली मोठी माणसे प्रेमापोटीच बोलतात. पण निदान त्यांनी करायचे नसते. आणि बाळंतीण स्वतः काही बरे वाटत नाही म्हणत असेल, तर ते आधी खरे धरावे.

भिडे वाड्याची मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली, तिथे राष्ट्रीय स्मारक उभारले जाणार आहे. आनंदीबाईंचे स्मारक पुण्यापासून हजारो मैलांवर, एका मैत्रिणीच्या कुटुंबाशेजारी आहे. अप्पा बळवंत चौकातून गाइड घेऊन निघालेल्या मुलींपैकी काही जणी उद्या प्रसूतितज्ज्ञ होतील. रात्री दोन वाजता एखाद्या बाळंतिणीच्या तापाचा फोन त्यांना येईल. दीडशे वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या आनंदीला हवी होती ती एवढीच सोय, फोन उचलणारी एक डॉक्टर.